शिरोळच्या मातेचा शोक

श्रीगुरुचरित्राच्या विसाव्या व एकविसाव्या अध्यायांत शिरोळ गावच्या एका ब्राह्मणस्त्रीची कथा आली आहे. पारायण करणाऱ्यांना ती मृत पुत्र सजीव झाल्याची कथा म्हणून परिचित आहे आणि संप्रदायाच्या दृष्टीने तिचे महत्त्व त्या चमत्कारातच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने चमत्काराच्या अलीकडे थोडे थांबून पाहिले, तर या दोन अध्यायांत मध्ययुगीन मराठी वाङ्मयात विरळाच आढळणारी एक वस्तू हाती लागते. अपत्याच्या मृत्यूनंतर मातेने केलेला शोक, त्या शोकाला समाजाने व तत्त्वज्ञानाने दिलेली उत्तरे, आणि ती उत्तरे मातेने कोणत्या आधारावर नाकारली याचा तपशीलवार वृत्तांत तेथे आहे. संतवाङ्मयात वैराग्यपर उपदेश विपुल आहे. उपदेश ऐकणारा त्यावर काय म्हणाला, हे मात्र फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही.

कथेचे स्थळ निश्चित आहे. आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ हे पंचगंगेच्या खोऱ्यातील गाव. तेथून थोड्याच अंतरावर, पंचगंगा कृष्णेस मिळते त्या संगमावर नृसिंहवाडी आहे. विदर्भातील कारंजा येथे जन्मलेले नृसिंहसरस्वती या संगमावर बारा वर्षे राहिले आणि नंतर भीमेकाठी गाणगापुरास गेले, असे परंपरा सांगते. त्यांचा काळ साधारणतः चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून पंधराव्याच्या मध्यापर्यंतचा. शिरोळात आजही भोजनपात्राचे दत्तमंदिर आहे. तेथे गुरूंनी एका दरिद्री घरी भिक्षा घेतली व पात्राच्या अभावी शिळेवर अन्न वाढले गेले, अशी त्यामागची आख्यायिका आहे. ग्रंथाचा कर्ता सरस्वती गंगाधर हा गुरूंचा शिष्य सायंदेव याच्या वंशातला. तो मूळचा कन्नडभाषिक असून त्याची रचना सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास झाली असे सामान्यतः मानतात. म्हणजे घटना व ग्रंथ यांच्यामध्ये शंभर वर्षांच्या आसपास अंतर पडते. एवढ्या अंतरावरून लिहिलेल्या चरित्राचा उपयोग शिरोळात अमुक दिवशी काय घडले हे ठरविण्यास होणार नाही. परंतु कवीने आपल्या श्रोत्यांना काय ओळखीचे वाटेल असे गृहीत धरले, हे ठरविण्यास तो निश्चित होतो. मृत मूल उराशी धरून बसलेली स्त्री, तिच्याभोवती जमलेले ग्रामस्थ, दहनाची घाई आणि रात्रीची धास्ती हे सारे श्रोत्यांनी पाहिलेले होते. अनोळखी असे कथेत फक्त शेवटचे वळण आहे.

कथेचा पहिला भाग थोडक्यात असा. या स्त्रीला पाच पुत्र झाले व पाचही जन्मतःच गेले. कारण विचारता एका जाणत्या ब्राह्मणाने सांगितले, की पूर्वजन्मी तिने शौनकगोत्री ब्राह्मणाचे शंभर नाणे ऋण घेऊन बुडविले, तो तळमळून मेला, पिशाच झाला आणि तोच तिची मुले नेतो. संगमावर राहून स्नान, उपवास, औदुंबराची प्रदक्षिणा व पादुकांची सेवा करावी आणि त्या मृताच्या नावे क्रिया व दान करावे, असा उपाय सांगितला गेला. गुरू त्या वेळी गाणगापुरास गेले होते. वाडीस उरली होती ती पादुकांची व औदुंबराची जागा आणि आपण तेथे गुप्तरूपाने आहोत हे त्यांचे आश्वासन. स्त्रीने सेवा केली. स्वप्नात पिशाचाने तिला गाठले, तेव्हा गुरूंनी मध्ये पडून ऋणकरीण निर्धन आहे, देईल तेवढे घे, असा निवाडा केला आणि तिला दोन पुत्रांचे वरदान दिले.

हा भाग वाचताना त्यातील सावकारी भाषा नजरेतून सुटत नाही. बालमृत्यू हे येथे थकलेले देणे आहे, पिशाच हा तगादेदार आहे आणि गुरू हे ऐपत पाहून तडजोड करून देणारे पंच आहेत. ज्या समाजात कुळाची पत, वतन आणि कर्ज या गोष्टींवर आयुष्य तोलले जाई, त्या समाजाला अकारण मृत्यूपेक्षा ऋणामुळे आलेला मृत्यू सहन होण्याजोगा वाटला असल्यास नवल नाही, कारण ऋण फेडता येते. मात्र या स्पष्टीकरणाची किंमत मातेलाच मोजावी लागते. पाच मुले गेली आणि दोषही तिचाच ठरला. पती त्याच घरात असून ऋण तिच्या एकटीच्या खात्यावर मांडले आहे, ही गोष्ट संप्रदायाबाहेरच्या वाचकाने दुर्लक्षू नये.

पाच अर्भकांच्या मृत्यूला कवीने दिलेली जागा अगदी थोडी आहे. शोकाचा विस्तार येतो तो पुढे, वाढलेल्या मुलाच्या मृत्यूच्या वेळी. या विषमतेचे मूळ केवळ कथनकौशल्यात नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायाचा आरंभच आशौचप्रकरणाने होतो आणि तेथे पहिलाच नियम दोन वर्षांखालील मृत बालकाविषयी आहे: त्याला पुरावे, जलांजली देऊ नये. पुढे आशौचाची पायरी वयानुसार चढत जाते. दात येण्यापूर्वी मूल गेले तर ज्ञाती तत्काळ शुद्ध, चौलापर्यंत एक रात्र, मुंजीपर्यंत तीन रात्री आणि त्यानंतर पूर्ण दहा. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली आणि महाराष्ट्रातील निबंधकारांवर तिचा प्रभाव दीर्घकाळ राहिला. या नियमांचा हेतू निष्ठुर होता असे म्हणण्याचे कारण नाही. ज्या काळी बहुतेक घरांतून एक-दोन मुले पाळण्यातच जात, त्या काळी प्रत्येक वेळी दहा दिवस सुतक पाळावयाचे म्हटले तर गावाचे व्यवहार चालले नसते. विसाव्या शतकाच्या आरंभीसुद्धा हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे २०० पहिल्या वर्षातच मरत होती. त्यापूर्वीच्या शतकांत परिस्थिती याहून बरी असण्याचा संभव नाही. परंतु शास्त्राने दुःखाच्या प्रदर्शनाला वयोमानानुसार माप लावले, तरी दुःखही त्याच मापाने आखडत असे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. शिरोळच्या स्त्रीने पाच मृत्यूंनंतर कारण विचारीत फिरावे आणि संगमावर उपवास करावे, हाच उलट बाजूचा पुरावा आहे. ज्यांच्यासाठी शास्त्राने पाणीही सोडू दिले नाही, त्यांच्यासाठी ती कृष्णेच्या पाण्यात उभी राहिली.

मिळालेल्या दोन पुत्रांपैकी एक, घरात संस्काराची तयारी चालू असताना, धनुर्वाताने गेला. संस्काराच्या उंबरठ्यावरचा हा मृत्यू शास्त्राच्या वरील पायरीवर नेमका सांध्याशी येतो. मूल अर्भक राहिलेले नाही, पण कुळातील पुरता माणूसही झालेले नाही. धनुर्वात हे रोगाचे नावही विचारात घेण्याजोगे आहे. शरीर धनुष्याप्रमाणे वाकविणारा हा विकार सुश्रुतसंहितेस धनुःस्तंभ या नावाने ठाऊक होता. त्याचे जंतू मातीत व शेणात वास करतात आणि जखमेतून किंवा अर्भकाच्या कापलेल्या नाळेतून शरीरात शिरतात, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. कितासातो याने १८८९ मध्ये जंतू वेगळा केला आणि १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी प्रतिविष सिद्ध केले. नाळ विळ्याने कापणे, तिला शेणाची राख लावणे हे प्रकार खेड्यांतून अगदी अलीकडेपर्यंत चालत असत. माता व नवजात अर्भक यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याची नोंद व्हावयास २०१५ साल उजाडावे लागले. पहिली पाच अर्भकेही याच रोगाने गेली असतील काय, असा प्रश्न सहज मनात येतो, पण त्याचे उत्तर ग्रंथात नाही. जुन्या ग्रंथांतील रोगनामे ताणून आजच्या निदानाला जुळविण्याचा मोह आवरावा हे बरे, कारण कोणत्याही झटक्याला लोक धनुर्वात म्हणत असणे शक्य आहे. एवढे मात्र खरे, की कवीने येथे पिशाच पुन्हा आणले नाही. ऋण फिटले होते, सेवा झाली होती, वर मिळाला होता आणि तरीही मूल गेले. पहिल्या भागाने उभे केलेले सारे स्पष्टीकरण या एका मृत्यूने कोलमडते. कथेचा खरा प्रश्न येथून सुरू होतो.

माता प्रेत सोडीत नाही. ते उराशी कवटाळून ती आपणासही त्याच्याबरोबर जाळा असा हट्ट धरते. पतीबरोबरचे सहगमन त्या समाजाच्या परिचयाचे होते. पुत्राबरोबर आईने जावे हे कोणी पाहिले-ऐकले नव्हते आणि भोवतालचे लोक त्यामुळे गोंधळतात. अशा वेळी एक ब्रह्मचारी तेथे येऊन उपदेश करू लागतो. देह पंचभूतांचा, नाती कर्माची, जन्मास आले त्याला मरण ठरलेले, कोण कोणाचा पुत्र आणि कोण कोणाची माता, असा त्या उपदेशाचा आशय आहे. त्यात नवे काही नाही. गीतेपासून कीर्तनापर्यंत हेच सांगितले गेले आहे, आणि ते खोटे आहे असेही कोणी म्हणणार नाही.

नवे आहे ते मातेचे उत्तर. ती संसार सत्य आहे असा वाद घालीत नाही, प्रारब्धही नाकारीत नाही. तिची तक्रार वेगळीच आहे. प्रारब्ध टळत नसेल तर गुरूंनी वचन का दिले? ज्याच्या आश्रयाला जावे तोच आश्रय अंगावर कोसळावा, तर जगाने विश्वास कशावर ठेवावा? उपदेशकर्त्याने तत्त्वज्ञानाच्या पातळीवर मांडलेला प्रश्न ती व्यवहाराच्या पातळीवर खाली आणते. तिच्या दृष्टीने हा मृत्यू म्हणजे मोडलेला शब्द आहे. पहिल्या भागात ती ऋणकरीण होती. आता ती धनकरीण आहे आणि देणे गुरूंकडे निघाले आहे. दोन्ही अध्याय एकत्र वाचले म्हणजे हा पालट कवीने समजून-उमजून केला असावा असे वाटते. निदान कथेच्या रचनेला दुसरा अर्थ सहजी लागत नाही.

ब्रह्मचाऱ्याकडे याला प्रत्युत्तर नाही. वर जेथे मिळाला तेथेच जाऊन प्राण दे, एवढेच तो सांगतो. प्रेत घेऊन पतिपत्नी वाडीस येतात. ती पादुकांवर डोके आपटून घेते आणि पादुका रक्ताने माखतात. दिवस मावळतो तरी ती दहन करू देत नाही. प्रेत निघाल्याखेरीज अन्न शिजवावयाचे नाही ही चाल मराठी मुलखात सर्वत्र असल्याने मृत देह ठेवून घेण्याचा प्रश्न एका घराचा राहत नाही. लोक अखेर निघून जातात. रात्र जाऊ द्यावी, प्रेताला दुर्गंधी सुटली म्हणजे ती आपण होऊन देईल, असा त्यांचा हिशेब आहे. या एका तपशिलात ग्रामजीवनाचे जेवढे ज्ञान आहे तेवढे कित्येक कागदपत्रांत सापडत नाही. गावकरी दुष्ट नाहीत. त्यांनी दिवसभर समजूत घातली, कोणी बळजबरी केली नाही, आणि जेथे शब्द संपले तेथे काळावर भरवसा ठेवला. शोकग्रस्ताशी समाज बहुधा असाच वागत आला आहे.

पती या प्रसंगात जवळजवळ मूक आहे. तो बरोबर चालतो, रात्री तेथेच राहतो. त्याच्या दुःखाला कवीने शब्द दिलेले नाहीत. पित्याचा शोक हा मध्ययुगीन मराठी कथनाचा विषयच झालेला दिसत नाही.

या कथेची जात ओळखण्यासाठी तिच्या शेजारी दोन-तीन जुन्या कथा ठेवून पाहणे उपयुक्त आहे. बौद्ध परंपरेतील किसा गोतमी श्रावस्तीत मृत बालक कडेवर घेऊन औषध मागत फिरते. ज्या घरी कोणी मेले नाही तेथून मोहरी आणावयास बुद्ध तिला सांगतात. घरोघर फिरता फिरता तिला मृत्यूचे सार्वत्रिक रूप कळते आणि ती प्रेत सोडून संघात येते. येथे उपदेश जिंकतो. मात्र तो वचनांनी जिंकत नाही, पायपिटीने जिंकतो, ही गोतमीच्या कथेची थोरवी आहे. शिरोळच्या मातेला असे कोणी दारोदार पाठविले नाही, तिला सिद्धांत ऐकविला गेला.

महाराष्ट्राला अधिक परिचित उदाहरण श्रियाळ-चांगुणेचे. श्रीधराच्या शिवलीलामृतातून (शके १६४०, म्हणजे इ. स. १७१८) ते घरोघर पोचले. अतिथीच्या मागणीवरून चांगुणा स्वतःच्या चिलया बाळाला कांडते आणि डोळ्यांतून पाणी येऊ देत नाही. तेथे मूल परत मिळते ते शोक गिळून टाकल्याबद्दल. शिरोळात ते मिळते शोक न सोडल्याबद्दल. एकाच समाजाने, एकाच ओवी छंदात, दीडएकशे वर्षांच्या अंतराने या परस्परविरोधी कथा भक्तिभावाने ऐकल्या. मराठी माणसाची मृत्यूविषयक धारणा अमुक एक होती असे सांगणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी.

सर्वांत जवळचे, पण सहसा कोणी न जोडलेले नाते महाभारताच्या शांतिपर्वातील गृध्रगोमायुसंवादाशी आहे. आप्तजन मृत बालकाला घेऊन स्मशानात आले आहेत. गिधाड त्यांना सांगते: मेलेला परत येत नाही, सर्वांची हीच गती, सूर्य मावळण्यापूर्वी घरी जा. कोल्हा म्हणतो: एवढ्यात प्रेम आटले काय? थांबा, कदाचित मूल उठेल. गिधाडाला दिवसाउजेडी प्रेत हवे आहे, कोल्ह्याला रात्री. दोघांचे तर्क निर्दोष आहेत आणि दोघेही भुकेले आहेत. शेवटी शंकर प्रकट होऊन बालकाला उठवतात. प्रबंधगत ध्वनीचे उदाहरण म्हणून मम्मटाने काव्यप्रकाशात हाच संवाद घेतला, म्हणजे त्यातील विदारक उपरोध जुन्या काव्यशास्त्रज्ञांनाही जाणवला होता. सांत्वनाचे शब्द खरे असूनही बोलणाऱ्याचा हेतू वेगळा असू शकतो, ही शंका आपल्या परंपरेने अशी फार पूर्वीच नोंदविली आहे. सरस्वती गंगाधराने ही कथा डोळ्यांपुढे ठेवली होती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु मांडणीतील साम्य लक्षणीय आहे: मुलाचे प्रेत, मावळता दिवस, घरी परता असे सांगणारी वाणी आणि हटून बसलेले आप्त. फरक इतकाच, की शिरोळचा ब्रह्मचारी गिधाड नव्हे. तो वेषांतर केलेला गुरूच आहे.

आणि त्यामुळेच गुंता वाढतो. ब्रह्मचाऱ्याच्या मुखाने गुरूंनी जे सांगितले ते संप्रदायाला मान्य असे तत्त्वज्ञान आहे. तेच गुरू त्याच रात्री स्वप्नात येऊन, मजवर कोप का, असे विचारतात आणि बालकात प्राण घालतात. म्हणजे सकाळचा उपदेश त्यांनी स्वतःच मागे घेतला. टीकाकार याची संगती परीक्षा या कल्पनेने लावतात: मातेची निष्ठा पारखण्यासाठी उपदेश केला, ती उतरली, फळ मिळाले. हे समाधान सांप्रदायिक दृष्टीने पुरेसे असेल. पण परीक्षा मानली तरी ती उत्तीर्ण होण्याची अट कोणती होती, हे पाहिलेच पाहिजे. उपदेश स्वीकारला असता तर मुलाचे दहन झाले असते. ज्या उत्तराला फळ मिळाले ते उत्तर नकाराचे होते.

येथे तीर्थक्षेत्राच्या इतिहासाचाही एक धागा आहे. गुरू गाणगापुरास गेल्यावर वाडीच्या पादुकांचे सामर्थ्य काय, हा प्रश्न त्या स्थानापुढे उभा होता. शिरोळची कथा त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ग्रंथात येते. देहाने दूर असलेला गुरू दिलेल्या शब्दाला बांधलेला असतो, हे तिला सिद्ध करावयाचे आहे. दत्तसंप्रदायाच्या इतिहासाच्या दृष्टीने हे प्रयोजन उघड आहे, आणि ते मान्य केल्याने कथेचे मानवी मोल कमी होत नाही. उलट, आपल्या स्थानाची ग्वाही देण्यासाठी राजा, पंडित किंवा यती न घेता मूल गेलेली आणि संतापलेली एक खेड्यातील स्त्री साक्षीला आणावी असे कवीला वाटले, हे त्या काळाविषयी काही सांगते. वाडीच्या वाटेने येणाऱ्यांत अशा स्त्रियांचीच संख्या मोठी असली पाहिजे. गुरुचरित्राचे पारायण स्त्रियांनी करू नये असा निर्बंध परंपरेत दीर्घकाळ सांगितला गेला, आणि त्याविषयी अलीकडे पुष्कळ चर्चाही झाली आहे. श्रवणाला मात्र आडकाठी नव्हती. वाचणारा पुरुष आणि ऐकणाऱ्या स्त्रिया, अशा मेळाव्यात हे दोन अध्याय शेकडो वर्षे म्हटले गेले. ऐकणारींपैकी कितीजणींच्या घरी रिकामा पाळणा होता याची गणती कोठेही झालेली नाही.

प्रेत न सोडणारी माता मराठीत पुन्हा एकदा ठळकपणे येते ती गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत. तेथेही मूल नेऊ पाहणारे लोक आहेत आणि ते निजले आहे म्हणणारी आई आहे. पण विसाव्या शतकातील त्या आईला कोणाचे वचन मिळालेले नाही. त्यामुळे भांडावयासही कोणी नाही. तिचा नकार भ्रमाच्या रूपाने प्रकटतो. शिरोळच्या मातेला भ्रम झालेला नव्हता. मूल मेले आहे हे तिला पुरते ठाऊक होते.

पहाटे जाग आल्यावर ती काय करते, हेही कवीने नोंदविले आहे. मुलाच्या अंगाला ऊब आलेली पाहून तिला आनंद होत नाही, भीती वाटते. प्रेतात पिशाच शिरले असावे, अशी तिची पहिली समजूत होते. मूल भूक लागली म्हणून अन्न मागते, तिच्या स्तनांना पान्हा फुटतो, तेव्हा कोठे तिला खरे वाटू लागते. सकाळी दहनासाठी परत आलेले लोक हे पाहून चकित होतात. पुढील अध्यायात कथा गाणगापुरास वळते आणि शिरोळच्या त्या घराचा उल्लेख येत नाही. ग्रंथात त्या स्त्रीचा निर्देश ब्राह्मणाची भार्या एवढाच आहे.